वॉल्टर व्हाइटचा अहंकार

'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेतला वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक कॅन्सर झाल्यावर ड्रग्ज बनवायला लागतो. तो परिस्थितीमुळे बिघडला, असं एक मत आहे, ते मला काही पटलं नाही. पहिल्याच सीझनमध्ये एलियट आणि ग्रेचेन हे त्याचे जुने, श्रीमंत मित्र त्याच्या कॅन्सरच्या उपचारांचा खर्च उचलायला तयार असतात. हा पठ्ठ्या नाही म्हणतो आणि सरळ ड्रग्जच्या धंद्यातला साथीदार जेसीच्या दारात जाऊन उभा राहतो. तिथेच परिस्थितीची सबब संपते. उरतो तो अहंकार. शेवटच्या भागात बायको स्कायलरसमोर तो स्वतःच तसं कबूलही करतो.

तरी आपण त्याच्या बाजूने का राहतो? मला वाटतं, त्याच्या हुशारीमुळे. वाळवंटात गाडी बंद पडल्यावर नाणी आणि नटबोल्ट जमवून बॅटरी बनवणारा माणूस कुणाला आवडणार नाही! शिवाय गोष्ट बहुतेक त्याच्याच नजरेतून दिसते, त्यामुळे जेसीची मैत्रीण जेन, जी वॉल्टरला धमकावत असते, डोळ्यांदेखत गुदमरत असताना तो नुसता उभा राहतो, तेव्हाही आपण (निदान मी तरी) आधी त्याची अडचण सुटल्याचा हिशोब करतो.

आणि प्रेक्षकांना राग कुणाचा, तर स्कायलरचा! हा राग इतका टोकाला गेला की तिची भूमिका करणाऱ्या अभिनेत्री अ‍ॅना गनने २०१३ मध्ये त्यावर वर्तमानपत्रात लेख लिहिला. स्कायलरचा गुन्हा काय, तर नवऱ्याला जाब विचारला.