गाळाच्या पाण्यात लिप सील की ग्लँड दोरी
भाऊ, इंजिनाच्या बोटीत शाफ्टपाशी (पंखा फिरवणारा दांडा) पाणी आत येतं, या प्रश्नावर कुणीतरी लिप सील (शाफ्टला ओठासारखी चिकटून बसणारी रबरी चकती) सुचवलंय, पण गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात मला ते पटत नाही. पावसाळ्यात वैनगंगेतून बारीक रेती येते, सीलच्या ओठाखाली अडकते आणि शाफ्टवर नखाला लागेल अशी खाच पाडते. मग नवं सीलही गळतंच. त्यापेक्षा ग्लँडमध्ये (शाफ्ट जिथून बाहेर जातो तिथली डबी) ग्लँड दोरी, म्हणजे पाणी अडवणारी विणलेली दोरी भरा, शेतीपंपाच्या दुकानात मिळते. माप शाफ्ट आणि ग्लँडमधल्या फटीचं न्या. दोरीची प्रत्येक कडी (शाफ्टभोवतीचा एक वेढा) वेगळी कापा, सांधे एकामागे एक येऊ देऊ नका. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-चार थेंब पडलेच पाहिजेत, त्यानंच दोरी थंड राहते. अगदी कोरडं करायला ग्लँडचा नट आवळत गेलात तर शाफ्ट तापेल, झिजेल. जुनी दोरी उकरण्याआधी बोट काठावर ओढून घ्या.