डॉ. फिरास अबियाद यांनी मंत्रिपद सोडायला हवं होतं का?

दर्यावर्दी
बैरुतच्या रफिक हरिरी सरकारी रुग्णालयाचे प्रमुख, सर्जन डॉ. फिरास अबियाद सप्टेंबर २०२१ मध्ये लेबनॉनचे आरोग्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी २०२५ पर्यंत त्या पदावर राहिले. चांगल्या डॉक्टरने राजकारणात पडून नाव घालवलं, असं बरेच जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

देशातला कोरोनाचा पहिला रुग्ण फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्याच रुग्णालयात होता. त्यानंतर ते ट्विटरवर नेमाने आकडे देत राहिले. २०२१ च्या उन्हाळ्यात वीज नाही, जनरेटरला डिझेल नाही, तेव्हा त्यांनी कार्यालयांमधले एसी बंद केले आणि वाचलेली वीज वॉर्डांना दिली. पण डिझेल आणि औषधांचे निर्णय वरच होतात. मग तिथे जाणं चूक कसं?

कडूलिंब
गेले ते ठीक, पण राहिले का? मंत्री झाल्यावर दोनच महिन्यांत जुनाट आजारांच्या औषधांवरचं बरंचसं अनुदान उठलं. पगार घसरत्या लिरात (लेबनॉनचं चलन) आणि औषध डॉलरच्या भावात. मधुमेहाच्या पेशंटने करायचं काय?

१९७० साली साएब सलाम यांच्या मंत्रिमंडळात डॉ. एमिल बितार आरोग्यमंत्री होते. औषधांच्या किमती खाली आणायला ते थेट आयातदारांना भिडले. आयातदारांनी माल दाबून ठेवला, सरकार पाठीशी उभं राहिलं नाही, तेव्हा १९७१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. लेबनॉनमध्ये आजही त्यांचं नाव आदराने घेतात. डॉक्टर मंत्री झाला तर असा असावा.

दर्यावर्दी
बितारांबद्दल मलाही आदर आहे. पण ते गेले आणि जिंकले आयातदारच. २०२१ मध्ये तर भांडण आयातदारांपुरतं नव्हतंच. अनुदान द्यायला मध्यवर्ती बँकेकडे डॉलरच उरले नव्हते, आणि अनुदानित औषधं तस्करीने देशाबाहेर जात होती. कॅन्सरच्या औषधांवरचं अनुदान तरी टिकलं.

शिवाय राजीनामा द्यायचा कोणाकडे? मे २०२२ च्या निवडणुकीनंतर सरकार काळजीवाहू झालं, ऑक्टोबरअखेर राष्ट्राध्यक्षांची मुदत संपली आणि ते पद दोन वर्षांहून अधिक काळ रिकामं राहिलं. त्याच ऑक्टोबरमध्ये जवळपास तीस वर्षांनी देशात कॉलरा आला. लस मागवायची, पाणी तपासायचं, निर्वासितांच्या छावण्यांपर्यंत पोचायचं. ही कामं कोण करणार होतं?

साखरआंबा
तुम्ही दोघंही मंत्रिपदालाच धरून बसलात. इलियास जरादे यांचं पाहा. डोळ्यांचे सर्जन. २०२२ मध्ये प्रस्थापितांच्या विरोधात उभे राहून दक्षिणेतून खासदार झाले, पण ऑपरेशन थिएटर सोडलं नाही. १७ सप्टेंबर २०२४ ला हिजबुल्ला या सशस्त्र शिया पक्षाच्या लोकांकडचे पेजर, म्हणजे निरोप मिळवायची छोटी यंत्रं, फुटले, जखमींमध्ये चेहरा, बोटं, डोळे गेलेले कितीतरी. हे गृहस्थ खासदार असून शस्त्रक्रिया करत होते. पेशंटला हात लावणारा राजकारणी मला जास्त जवळचा वाटतो.

दर्यावर्दी
जरादे यांना सलाम. पण जवळपास तीन हजार जखमी एकाच दुपारी आले, तेव्हा कोणाला कुठल्या रुग्णालयात न्यायचं हे थिएटरमधून ठरवता येत नाही. इस्रायलच्या सीमेवर चकमकी सुरू झाल्यापासून, म्हणजे वर्षभर आधीपासून, मंत्रालय अशा प्रसंगाची तयारी करत होतं. पुढच्याच महिन्यात अबियाद यांच्या जुन्या रुग्णालयाजवळ इस्रायलचा हल्ला झाला, १८ जण गेले. मेलेल्यांची आणि जखमींची मोजदाद तेव्हाही त्यांचंच मंत्रालय रोज देत होतं.

कडूलिंब
तयारीचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, युद्धाच्या त्या महिन्यांत ते खुर्चीत होते हे बरंच झालं. माझा राग २०२१ च्या हिवाळ्याबद्दल आहे आणि तो तसाच आहे. अनुदान काढायचंच होतं, तर आधी गरिबांच्या औषधांची सोय लावायची आणि मग हात घालायचा. प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून औषधं मिळत होती, पण लाखो नवे गरीब एकदम तिथे वळले तर ती पुरणार कशी? हे सरकारी रुग्णालय चालवलेल्या माणसाला सांगावं लागू नये. आणि हे खातं पंथांच्या, पक्षांच्या वाटणीतूनच मिळतं. अबियाद यांच्या आधी ते हिजबुल्लाने सुचवलेल्या मंत्र्यांकडे होतं, नंतर आलेले डॉ. राकान नासरेद्दिन हेही हिजबुल्लाच्याच पसंतीचे. मंत्री डॉक्टर आहे एवढ्याने मी समाधान मानणार नाही.