नकाराची सूचना एकदाच

बँकेने कागदपत्रांत खोट काढली की निर्यातदाराचे हात बांधले जातात, असे म्हटले जाते; हे मत मला अर्धेच पटते. बँकेचा संबंध कागदाशी असतो, मालाशी नसतो, हे खरेच; पण एलसीवर (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे अटींनुसार कागद सादर केल्यास पैसे देण्याची बँकेची हमी) यूसीपी ६०० ही आंतरराष्ट्रीय नियमावली लागू असेल तर त्याच्या कलम १६ ने बँकेलाही बांधून ठेवले आहे. नकाराची सूचना एकच द्यायची, तीत प्रत्येक दोष नमूद करायचा आणि कागद सादर झाल्यानंतरच्या पाचव्या बँकिंग दिवसाच्या अखेरीपर्यंत ती पाठवायची. यात कसूर झाल्यास कागद अटींनुसार नाहीत असा दावा करण्याचा हक्क बँक गमावते.

भोसरीतील आमच्या कारखान्याच्या एका कन्साइनमेंटच्या वेळी परदेशी बँकेने पहिल्या सूचनेत एवढेच म्हटले होते की विमापत्राची तारीख माल जहाजावर चढल्यानंतरची आहे. विमा कंपनीकडून ‘संरक्षण शिपमेंटच्या तारखेपासून लागू’ असा शेरा घेऊन आम्ही विमापत्र पुन्हा पाठवले, तेव्हा इन्व्हॉइसवरील मालाचे वर्णन एलसीशी जुळत नसल्याचा नवाच मुद्दा आला. वास्तविक तो इन्व्हॉइस पहिल्याच गठ्ठ्यात होता आणि त्यात काडीचाही बदल केलेला नव्हता. (चूक मात्र आमचीच होती, ‘मशिन्ड’ हा शब्द टंकायचा राहून गेला होता.) आमच्या पुण्यातील बँकेने कलम १६ चा हवाला देत स्विफ्ट या बँकांमधील संदेशप्रणालीवरून संदेश पाठवला आणि काही दिवसांत पूर्ण रक्कम जमा झाली. त्यामुळे कागदांतील दोष माफ करावेत अशी खरेदीदाराकडे याचना करण्याआधी पहिल्या सूचनेची तारीख आणि तिच्यातील शब्द तपासावेत.