आपोआप गिअर बदलणारी सायकल घेणे कितपत योग्य?

प्रश्न

माझ्या वडिलांनी साठी उलटल्यावर पुन्हा सायकल चालवायला सुरुवात केली आहे. सायकलीला पुढे तीन आणि मागे सात चक्रे आहेत, पण प्रत्यक्षात ते गिअर बदलतच नाहीत. सपाट रस्त्यावर जो गिअर पडलेला असतो त्याच गिअरमध्ये चढ चढतात, थांबून पुन्हा निघताना जड पेडलवर सगळा भार टाकतात आणि घरी आल्यावर गुडघे चोळत बसतात. दोन हातांना दोन लिव्हर, त्यातही दोघांची हलके-जड होण्याची दिशा उलटसुलट, हे त्यांच्या अंगवळणी पडत नाही. म्हणून आपोआप गिअर बदलणारी सायकल घ्यावी असा विचार आहे. मोटर नसलेली सायकल मिळाली तर उत्तमच, पण गरज असेल तर ई-सायकल घ्यायचीही तयारी आहे. ही यंत्रणा रोजच्या वापरात भरवशाची ठरते का, आणि तिच्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत इतका फरक खरोखर पडतो का?

उत्तर १

आपोआप गिअर बदलणाऱ्या सगळ्या सायकली एका जातीच्या नसतात, त्यामुळे आधी एकच गोष्ट विचारावी: या यंत्राला नेमके काय कळते?

जुनी यांत्रिक पद्धत अशी की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधोमध असलेल्या भागात, छोटी वजने बसवलेली असतात आणि चाक ठरावीक गतीने फिरू लागले की ती बाहेरच्या बाजूला फेकली जाऊन वरचा गिअर गुंतवतात. जर्मनीतल्या झाक्स कंपनीचे असे हब अनेक दशकांपूर्वीच निघाले होते. पुढे स्रॅमने ऑटोमॅटिक्स नावाचा दोन गिअरचा हब काढला, पण 2017 मध्ये त्या कंपनीने अंतर्गत गिअरच्या, म्हणजे गिअर आतच बसवलेल्या, हबचे उत्पादनच थांबवले. अमेरिकेत 1990 च्या दशकात ऑटोबाइक नावाची सायकल विकली जात असे. तिच्यात मागच्या चाकाच्या स्पोकवरच वजने बसवलेली असत आणि वेग वाढला की ती बाहेर सरकून चेनला लहान चक्रावर नेत.

कल्पना सुंदर आहे, बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही. अडचण एवढीच की अशा हबला केवळ चाकाची गती कळते. पुढे चढ आहे, समोरून वारा आहे, कॅरियरवर सामान आहे, चालवणाऱ्याचे पाय दमले आहेत, यातले काहीही त्याला कळत नाही. ऑटोमॅटिक्समध्ये वरचा गिअर साधारण 36 टक्क्यांनी जड असतो आणि तो मोठ्या चाकाच्या सायकलीत ताशी 18 किलोमीटरच्या आसपास पडतो. सौम्य चढावर तुमचा वेग नेमका त्या सीमेवर असला की खट् असा आवाज येतो, पायाखालचे पेडल एकदम जड होते, वेग घटतो, क्षणभर पाय थांबवले की पुन्हा हलका गिअर येतो आणि थोडे पुढे गेल्यावर परत तेच. ज्यांचे गुडघे आधीच दुखतात त्यांच्यासाठी असा अनपेक्षित झटका मला मुळीच योग्य वाटत नाही.

शिमानोने 2007 मध्ये कोस्टिंग नावाची यंत्रणा आणली होती. पुढच्या हबमधला डायनॅमो वीज पुरवी, एक छोटा संगणक वेग पाही आणि मागच्या हबमधले तीन गिअर बदलत. तीही फार काळ बाजारात टिकली नाही. आता त्याच कंपनीने 2025 मध्ये क्यू-ऑटो ही मोटरविरहित सायकलीसाठीची नवी यंत्रणा जाहीर केली आहे, जी वेग, पेडलची गती आणि चढ अशा तिन्ही गोष्टी मोजते. पण तिच्यात डिरेलरच, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलणारा भागच, आहे, आणि चेन फिरल्याशिवाय डिरेलर गिअर बदलू शकत नाही ही मर्यादा कोणत्याही संगणकाने सुटत नाही.

ई-सायकलीत मात्र चित्र वेगळे आहे. तिच्यात बॅटरी असतेच, आणि बहुतेक चांगल्या मोटरींमध्ये पेडलवर किती जोर पडतो आहे व पाय किती वेगाने फिरत आहेत हे मोजणारे सेन्सरही असतात, म्हणजे योग्य गिअर ठरवायला लागणारी माहिती आयतीच हाती असते. एन्व्हिओलो कंपनीच्या हबमध्ये तर ठरावीक गिअरच नाहीत. दोन तबकड्यांच्या मध्ये धातूचे गोळे असतात, ते जसे कलतील तसे गुणोत्तर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात चाक किती फिरते ते, अखंड बदलत जाते, आणि तुम्ही फक्त मिनिटाला पेडलचे किती फेरे हवेत ते ठरवून द्यायचे. पिनियन कंपनीने 2023 मध्ये मोटर आणि गिअरबॉक्स एकाच पेटीत आणले, त्याच्या 12 गिअरच्या प्रकाराची व्याप्ती 600 टक्के आहे, म्हणजे सर्वांत जड गिअर सर्वांत हलक्याच्या सहापट आहे, मात्र तो तुमच्या वडिलांच्या गरजेपेक्षा कितीतरी मोठा पसारा आहे.

थोडक्यात माझे मत असे की मोटर नसलेल्या सायकलीत स्वयंचलित गिअरसाठी जास्तीचे पैसे घालू नयेत. ई-सायकल घेणारच असाल, तर मात्र जरूर घालावेत.

उत्तर २

गुणोत्तर अखंड बदलणाऱ्या स्वयंचलित हबची ई-सायकल मी रोज वापरतो. तिचे खरे सुख सिग्नलवर कळते. ब्रेक लावून थांबेपर्यंत हब आपोआप हलक्या बाजूला आलेला असतो, त्यामुळे निघताना पहिला फेरा अगदी अलगद पडतो आणि वेग वाढला तरी पाय त्याच संथ लयीत फिरत राहतात. मी मिनिटाला साठ-पासष्ट फेरे ठेवतो. वयस्कर माणसाला तेवढे पुरे होतात.

उणिवाही सांगतो. अचानक उभा चढ आला की यंत्रणा क्षणभर मागे पडते, कारण पाय मंदावल्यावरच तिला चढ कळतो, तर आपल्याला तो दुरूनच दिसलेला असतो. हब जड आहे, त्यामुळे सायकलीचा मागचा भाग उचलताना ते जाणवते. मागचे चाक पंक्चर झाले तर ते काढताना हबला जोडलेला भागही सोडवावा लागतो, म्हणून हे काम कोण करणार ते आधीच ठरवून ठेवावे. आणि बॅटरी पूर्ण संपली की हब ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत घरी यावे लागते.

उत्तर ३

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून मी वेगळे मत मांडते. तुमच्या वडिलांना गिअर बदलण्याचा कंटाळा नसावा. जड गिअरमध्ये थांबल्यावर तो उभ्याउभ्या बदलता येत नाही, ही त्यांची खरी अडचण दिसते, आणि ती डिरेलरची अडचण आहे. अंतर्गत गिअरच्या साध्या हबमध्ये सायकल उभी असतानाही गिअर बदलता येतो. हँडलच्या मुठीवर एकच फिरकी आणि तिच्या खिडकीत एकच आकडा, एवढेच लक्षात ठेवायचे. शिमानोच्या तीन गिअरच्या नेक्सस हबची व्याप्ती 186 टक्के आणि आठ गिअरच्या हबची 307 टक्के आहे. यात बॅटरी नाही, सेन्सर नाही, आणि असे हब वर्षानुवर्षे फारशी देखभाल न करता चालतात. मागचे चक्र दोन-तीन दात मोठे बसवून घेतले तर सगळेच गिअर थोडे हलके होतात. हा बदल फार कमी लोक करून घेतात, पण दुखऱ्या गुडघ्यांना त्याचा मोठा आधार होतो.

त्याहीआधी सीटची उंची पाहा. पेडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा. सीट खाली ठेवून चालवणाऱ्याचे गुडघे कोणत्याही गिअरमध्ये दुखतील.

प्रश्नकर्ता

सीट खरोखरच खाली आहे, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत असा वडिलांचा आग्रह असतो. रस्ता बहुतांशी सपाट आहे, थांबे पुष्कळ आहेत आणि घराजवळ एक चढ आहे. ई-सायकल घेतल्यास काही वर्षांनी तिच्या इलेक्ट्रॉनिक भागांचे काय होते, याचीही काळजी वाटते.

उत्तर १

ती काळजी रास्त आहे. गिअर बदलणारी मोटर, कंट्रोलर आणि मोबाइलमधले ॲप हे सगळे एकाच कंपनीचे असेल आणि उद्या ती कंपनी बंद पडली, तर तुमच्या हाती काय उरते याचा विचार करावाच लागतो. नेदरलँड्समधल्या व्हॅनमूफ कंपनीची दिवाळखोरी 2023 मध्ये जाहीर झाली, तेव्हा तिच्या सायकली वापरणाऱ्यांपुढे दुरुस्तीचा आणि ॲपवरून उघडणाऱ्या कुलपाचाही प्रश्न उभा राहिला होता. नंतर ती कंपनी दुसऱ्यांनी विकत घेतली, पण मधले दिवस लोकांनी चिंतेतच काढले. म्हणून हब आणि मोटर अशाच उत्पादकांची घ्यावी ज्यांचे भाग अनेक कंपन्यांच्या सायकलींत वापरले जातात.

तुम्ही दिलेल्या माहितीनंतर माझाही कौल आधी आठ गिअरच्या साध्या हबकडे झुकतो. सोबत बसायची जागा खाली आणि पेडल थोडे पुढे असलेली फ्रेम पाहा. तिच्यात पाय जमिनीला टेकतात आणि पेडल मारताना गुडघाही पुरेसा सरळ होतो. चढ त्यानेही जड जात असेल, तर मग ई-सायकलीचा विचार करा.

तेव्हाची चाचणी मात्र दुकानासमोरच्या सपाट जागेत घेऊ नका. वडिलांना चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघायला सांगा, मग उतारावर वेग घेऊन अचानक थांबायला सांगा, आणि शेवटी विजेची मदत पूर्ण बंद करून तोच चढ थोडासा चढायला सांगा. या तिन्ही वेळा तुम्ही बाजूला उभे राहून फक्त त्यांच्या गुडघ्यांकडे पाहा, आणि विक्रेत्याला मध्ये बोलू देऊ नका.