'टू डू' की 'टू बी डन'? ३०० रुपयांच्या आत पुस्तक सुचवा

बार्शीकरीण: बँकेच्या परीक्षेची तयारी करतेय. 'वर्क टू डू' आणि 'वर्क टू बी डन' यात दर वेळी मार्क जातात. मराठीतून समजावलेलं पुस्तक हवंय. बजेट ३००. क्लास नको.

जुनाखेळाडू: क्लासच लावा. मी १२,००० भरले होते. चार महिने टेन्सच चालले, इन्फिनिटिव्हपर्यंत, म्हणजे या 'टू डू'सारख्या रूपांपर्यंत, बॅच पोचलीच नाही. पण वातावरण मिळतं.

पुस्तककिडा: अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं बघा. मागे उत्तरं आहेत ना, ते तपासूनच पैसे द्या. माझ्या पुस्तकाची नेमकी तीच पानं कुणीतरी फाडून नेली होती.

सोलापुरी_चटणी: बार्शीहून पुण्याला? महिलांना एसटीत अर्धं तिकीट असलं तरी जाण्यायेण्यातच बजेट संपेल.

पेठेतला: पुस्तक कशाला, पाटी वाचा. 'जागा भाड्याने देणे आहे.' जागा स्वतः काही देत नाही, तरी कुणी 'दिली जाणे आहे' लिहितं का? इंग्रजीत तसंच 'हाउस टू लेट'. 'ही इज टू ब्लेम' पण त्यातलंच.

जुनाखेळाडू: 'टू बी ब्लेम्ड' पाहिजे. दोष त्याला दिला जातोय.

पेठेतला: 'टू ब्लेम' सर्रास चालतं. तुम्ही ते १२,००० परत मागा.

ॲपवाला: मी १,४९९ चं ॲप घेतलंय, लाइफटाइम. मस्त आहे. अजून उघडलं नाही.

निवृत्त_बाई: भांडू नका. ताई, 'देअर इज' असेल तर बहुतेकदा दोन्ही चालतं. ज्याला काम करायचंय तोच कर्ता असेल तर साधं रूप: 'आय हॅव अ लेटर टू राइट'. 'ईझी', 'डिफिकल्ट'नंतरही साधंच. आपणही 'वाचायला सोपं' म्हणतो, 'वाचलं जायला सोपं' नाही. पण 'दीज टॅब्लेट्स आर टू बी टेकन आफ्टर फूड' यातला 'बी' गाळलात तर गोळ्याच काहीतरी घ्यायला निघाल्या! अर्थही बदलतो बरं का. 'नथिंग टू डू' म्हणजे रिकामपण, 'नथिंग टू बी डन' म्हणजे इलाज संपला.

पुस्तककिडा: बाई, हे आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर!

मी_पण: अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात.

सोलापुरी_चटणी: वर वाचा हो जरा.

बार्शीकरीण: सगळ्यांचे आभार. इथेच रद्दीवाल्याकडे ९० रुपयांत एक मिळालं, घेऊन टाकलं. इंग्रजीतूनच आहे आणि मागे उत्तरं नाहीत. ती बाईंना विचारीन. पहिलंच वाक्य: क्लार्क म्हणतो, 'आय वॉन्ट टू प्रमोट' की 'टू बी प्रमोटेड'?

निवृत्त_बाई: बढती त्याला द्यायचीय की हवीय?

बार्शीकरीण: हवीय. मग 'टू बी प्रमोटेड'!

जुनाखेळाडू: क्लासचं डेमो लेक्चर फुकट असतं, बघा.