पहिल्या दिवशी मुलांच्या लॅपटॉपवर काय टाकावं? थॉनी, व्हीएस कोड की नुसता ब्राउझर?

कळव्याचा मास्तर
सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी आठवी-नववीच्या मुलांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. लॅपटॉप घरचेच. मागच्या बॅचला व्हीएस कोड (कोड लिहायचं मोठं सॉफ्टवेअर) घ्यायला लावलं आणि दोन रविवार त्यातच गेले. आधी पायथन टाका, मग पायथनचं एक्स्टेन्शन म्हणजे जोडणी, मग इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारं पायथन, निवडा. इन्स्टॉलरच्या पहिल्याच खिडकीत तळाशी 'पाथ'ची, म्हणजे पायथन कुठे आहे ते विंडोजला सांगणारी, टिक असते, ती अर्ध्या मुलांनी केलीच नव्हती. एक मुलगी दोन्ही रविवार पडद्याकडे नुसती बघत बसली. तिसऱ्या रविवारी ती आलीच नाही. मला ते अजून लागतं.
यंदा थॉनी, म्हणजे कोड लिहून तिथेच चालवायचं साधं सॉफ्टवेअर. एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठात नवशिक्यांसाठीच बनलंय, पायथन त्याच्या पोटातच येतं. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत प्रत्येकाच्या पडद्यावर स्वतःचं नाव उमटायला हवं, तेही मराठीत.

ऐरोली आयटी
नाही पटत. मी कॉलेजात डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, निळ्या पडद्यावर टर्बो सी या जुन्या साधनात सी भाषा शिकलो. 'व्हॉइड मेन', 'क्लियरस्क्रीन' सगळं तोंडपाठ. पुढे जीसीसी या दुसऱ्या सी कंपायलरवर बसलो तर त्याला 'क्लियरस्क्रीन' जिच्यात असतं ती कोनिओची हेडर फाईलच सापडेना. सोप्या साधनाची सवय अशी महागात पडते. पाथ म्हणजे काय, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) कसं उघडायचं, हेही शिक्षणच आहे. दोन रविवार गेले तर जाऊ द्या.

घणसोलीची आई
तुम्ही दोघंही घरात मुलाचा स्वतःचा लॅपटॉप आहे असं धरून चाललाय. आमच्याकडे एकच, तोही यांच्या ऑफिसचा. ॲडमिनचा पासवर्ड कंपनीकडे, त्यामुळे काहीच टाकता येत नाही. गूगलचं कोलॅब, म्हणजे पायथन लिहायची ऑनलाइन वही, ब्राउझरमध्ये उघडतं, अडलं तर मोबाईलवरही. त्यावर का नाही शिकवत?

कळव्याचा मास्तर
ताई, तुमची अडचण खरी आहे. सुरुवातीला तुमच्या मुलाला कोलॅबच देतो, ऑफिसच्या मशीनला हात नको. पण सगळ्यांना नाही देणार. कोलॅबचं पायथन दूरच्या सर्व्हरवर चालतं आणि टर्टलला, म्हणजे कासव फिरवून रेघा काढणाऱ्या पायथनच्या लायब्ररीला, चित्र काढायला समोर खिडकी लागते, ती तिथे नसते. पोरं तर त्या कासवासाठीच येतात! एकाने स्वतःच्या फाईललाच 'टर्टल डॉट पीवाय' नाव दिलं होतं. पायथन आधी त्याच फोल्डरमध्ये शोधतं, त्यामुळे लायब्ररीऐवजी त्याचीच फाईल उचलली जायची आणि कासव हलेना. नाव बदललं, सहा वेळा साठ अंश वळवलं आणि षटकोन उमटला. पोरगा शेजारच्याला दंडाला धरून दाखवायला घेऊन आला.
घरात विंडोज ७ चा जुना लॅपटॉप पडला असेल तरी आणा. त्यावर पायथन ३.८ च्या पुढचं चालत नाही, पण आपल्याला तेवढं पुष्कळ.

ऐरोली आयटी
कासव मान्य. पण दिवाळीनंतर तरी पोरांना टर्मिनलवर बसवा. पाथ मी शिकवतो, ऐरोलीहून कळवा काही लांब नाही.

घणसोलीची आई
सासऱ्यांचा जुना लॅपटॉप आहे माळ्यावर. बॅटरी गेलीय, चार्जर लावूनच चालतो. हॉलमध्ये प्लग पुरतील ना?