बंपरच्या काळ्या प्लास्टिकवर वॅक्सचे पांढरे पट्टे – काय करू?

बी-३०४ : नमस्कार मंडळी. काल गाडीला पहिल्यांदाच घरी वॅक्स केलं. पत्रा मस्त चमकतोय, पण बंपरचा खालचा काळा भाग, चाकांवरच्या कमानी आणि आरशांच्या बुडाशी पांढरे पट्टे उमटलेत. कोरड्या मायक्रोफायबरने अर्धा तास घासलं, तर आणखी पसरले. फोटो टाकलाय. कुणी काढलेत का असे डाग?

सी-१०२ : टायर पॉलिश मार. दोन मिनिटांत काळंभोर होतं.

ए-५०१ : थांब रे बी-३०४, एवढ्यात नको मारूस. सी-१०२ भाऊ, राग मानू नका, पण मी नेमकं हेच केलं होतं. पॉलिशमधलं तेल त्या पांढऱ्यावर बसतं आणि डाग ओला झाल्यासारखा दिसतो, म्हणून गेल्यासारखा वाटतो. दोनदा गाडी धुतली की तेल जातं आणि वॅक्स जिथल्या तिथे. वर ते काढताना आधी तेल काढा, मग वॅक्स.

ए-५०१ : फोटो मोठा करून पाहिला. हे प्लास्टिक रंगवलेलं नाही. बोट फिरव, चामड्यासारखे बारीक दाणे लागतील. पत्र्यावर वॅक्स वरच्यावर राहतं आणि फडक्यात येतं. इथे ते दाण्यांमधल्या खाचांत उतरून सुकतं. फडकं दाण्यांच्या माथ्यावरून फिरतं, खाचेत पोचतच नाही. म्हणून घासलंस तसं ते आणखी आत बसलं.

बी-३०४ : अच्छा. म्हणजे जोर लावून उपयोग नाही.

ए-५०१ : अजिबात नाही. आधी ते सुटं करायचं, मग उचलायचं. पण त्याआधी एक खात्री कर. लाकडी टूथपिक एखाद्या पट्ट्यावरून अलगद फिरव. टोकाला पांढरा चुरा आला तर वॅक्स. काहीच आलं नाही, आणि पांढुरकेपणा पट्ट्यांत नसून उन्हाकडच्या सगळ्या बाजूवर सारखाच असेल, तर प्लास्टिकच विटलंय, ते धुऊन जाणार नाही. पाणी मारून परीक्षा करू नकोस, ओलं झालं की दोन्ही काळंच दिसतं.

बी-३०४ : चुरा येतोय काकू. साबणाच्या किसासारखा. आणि पट्टा बरोबर पत्र्याच्या कडेला समांतर आहे, पॅड जिथे घसरला तिथेच.

डी-४०३ : थिनरने एका झटक्यात जाईल ना?

ए-५०१ : थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही गाडीजवळ आणू नका, कळकळीने सांगते. बाजूच्या रंगाला लागलं तर रंग मऊ पडतो, रबरी पट्ट्या फुगतात, आणि पेट्रोलच्या वाफा पेट घेतात ते वेगळंच.

डी-४०३ : आणि तो भिंतीवरचे डाग काढणारा पांढरा स्पंज?

ए-५०१ : तोही नको. हाताला मऊ लागला तरी तो काम करतो अतिशय बारीक पॉलिशपेपरसारखं. वॅक्स निघेल, पण दाण्यांचे माथेही झिजतील. मग तेवढाच तुकडा गुळगुळीत आणि चकचकीत दिसत राहतो, आणि झिजलेले दाणे काही परत येत नाहीत.

ए-५०१ : आता बी-३०४, नीट वाच. गाडी सावलीत, प्लास्टिक हाताला गार लागलं पाहिजे. हाताला सोसेल इतकं गरम पाणी, त्यात भांड्यांचं लिक्विड थोडंसं, आणि मऊ केसांचा जुना टूथब्रश. एका वेळी वीतभरच भाग घे. ब्रश एकाच दिशेने ओढू नकोस, छोटे छोटे गोल फिरव, म्हणजे केस खाचेत सगळ्या बाजूंनी शिरतात. फेस मळकट पांढरा झाला की तो सुकायच्या आत ओल्या फडक्याने टिपून घे. हे टिपणंच महत्त्वाचं, नाहीतर सुटलेलं वॅक्स पुन्हा तिथेच बसतं. पूर्ण वाळल्यावरच डाग गेला की नाही ते ठरव.

बी-३०४ : आणि तरी राहिलं तर?

ए-५०१ : मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेवढंच पाणी घालून. फडक्यावर घ्यायचं, थेट प्लास्टिकवर ओतायचं नाही. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघ. शेजारच्या पत्र्याला मास्किंग टेप लाव, नाहीतर काल मेहनतीने लावलेलं वॅक्स तिथूनही जाईल. खिडक्यांच्या रबराला रोज रोज हे लावू नये, कोरडं पडतं.

सी-१०२ : आमच्याकडे एकदा हेअर ड्रायरने गेले होते.

ए-५०१ : बरोबर भाऊ, तेही चालतं. कार्नोबा वॅक्स, म्हणजे गाडीच्या वॅक्समधलं झाडाचं मेण, साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळतं, पण आपल्याला वितळवायचं नाही, नुसतं मऊ करायचं. ड्रायर हलता ठेवून थोडा शेक द्यायचा आणि लगेच टिपायचं. रंग उकलायची हीटगन मात्र नको, तिच्या उष्णतेने प्लास्टिकच वाकडं होतं. आणि हो, बी-३०४, डब्यावर बघ, ते क्लीनर वॅक्स आहे का? त्यात घासणारी बारीक पूड असते. ती शेक देऊन वितळत नाही, तिला ब्रशच लागतो.

बी-३०४ : हो, क्लीनर वॅक्सच आहे! ब्रश आणि पाणी घेऊन खाली चाललोय.

डी-४०३ : काकू, माझ्या मागच्या बंपरवर एकच छोटा ठिपका आहे. त्यासाठी एवढं सगळं?

ए-५०१ : ठिपक्याला पांढरा मऊ खोडरबर. जागा कोरडी ठेवून हलक्या हाताने खोड, वॅक्स रबराच्या वळकट्यांत येतं. रंगीत खोडरबर नको, त्याचाच रंग उतरतो.

बी-३०४ : डावी कमान झाली. पहिल्या वेळी वाटलं निघालं, वाळल्यावर पुसट रेघ दिसली. दुसऱ्यांदा ब्रश मारल्यावर साफ! पाणी दुधासारखं झालं होतं. पण आरशाच्या बुडाशी जोडाच्या फटीत ब्रश जात नाही.

ए-५०१ : टूथपिकला ओलं फडकं गुंडाळ, एकच पदर. फटीतून ओढत ने, उकरू नकोस. सगळं वाळलं की प्लास्टिकचं ड्रेसिंग, म्हणजे काळेपणा परत आणणारा लेप, लाव, अगदी पातळ, आणि जास्तीचं पुसून घे. आणि उरलेली मास्किंग टेप फेकून देऊ नकोस बरं, पुढच्या वेळी वॅक्सच्या आधीच कडांना लाव. पॅडवर वॅक्सही कमी घ्यायचं, कडेजवळ हात थांबवायचा.

बी-३०४ : फटीतलं निघालं काकू! फडक्यावर पांढरी रेघच आली. आता उजवी बाजू घेतो.